गळाचा उलटा काटा दाबताना अणी का मोडते, आणि ती न मोडता काटा कसा बसवायचा

फ्लाय म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेलं किड्या-माशासारखं नकली आमिष. मासा इजा न होता सोडता यावा म्हणून तिच्या गळाचा उलटा काटा दाबून बसवतात. फ्लाय बांधायच्या गळाचा उलटा काटा पकडीत धरला, जोर दिला, ‘टक’ असा आवाज आला आणि अणीच उडून गेली, हे नव्या माणसाच्या हातून हमखास होतं. दोन-तीन गळ असे गेले की तो म्हणतो, गळच हलके निघाले. कधी कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा गळ दाबामुळे मोडलेला नसतो, दाबताना तो खाचेपाशी वाकलेला असतो. कडक पोलाद सरळ दाब चांगला सोसतं. खाच पडलेल्या जागी वाकवलं की तिथंच तुटतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणालाही विचारा: ताणलेली तार महिनोन्‌महिने टिकते, पण तीच तार एकदा मुरडली तर पुढं त्या मुरडीवरच तुटते. गळाचंही तसंच आहे. खाली जे काही सांगितलं आहे, त्यातली प्रत्येक गोष्ट काटा दाबताना अणी वाकू नये एवढ्यासाठीच आहे.

सातारा-सांगलीकडच्या बहुतेकांना फ्लायचे गळ बाहेरून मागवावे लागतात. पंचवीसच्या पाकिटातले पाच वाया गेले तर पुन्हा पार्सलची वाट बघत बसायचं. म्हणून ही पाच मिनिटांची कला नीट शिकून घेतलेली बरी.

काटा म्हणजे नेमकं काय

आधी नावं ठरवून घेऊ, म्हणजे पुढं घोळ होणार नाही. दोरा ओवायचं भोक म्हणजे नेढं. सरळ भाग म्हणजे दांडी. वळणारा भाग म्हणजे वाक. शेवटचं टोकदार टोक म्हणजे अणी. अणी आणि दांडी यांच्या मधली जागा म्हणजे मोकळीक. आणि अणीच्या आतल्या अंगाला, दांडीकडं तोंड करून उभा असलेला तो उलटा काटा.

हा काटा वरून चिकटवलेला नसतो. तार अजून मऊ असताना छिन्नीसारख्या पात्यानं तिच्यात तिरका छेद देतात आणि त्या छेदातली चिपटी वर उचलली जाते. तीच उलटा काटा. चिपटीचं मूळ अणीच्या बाजूला असतं आणि सुटं टोक वाकाच्या बाजूला. त्यामुळे गळ आत जाताना काटा आडवा येत नाही आणि बाहेर येताना अडकतो. काटा कापल्यावर गळ वाकवतात आणि मग त्याला पाणी देतात, म्हणजे तापवून, विझवून, पुन्हा बेतानं तापवून कडक करतात. सगळ्यात शेवटी वरचा लेप चढतो.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, काट्याच्या खाली कायमची एक खाच असते आणि तिचा सगळ्यात खोल भाग काट्याच्या मुळाशी असतो. तिथं तार सर्वांत बारीक, म्हणजे सर्वांत कच्ची. दुसरी, ही खाच पडल्यानंतर पोलाद कडक केलेलं असतं, म्हणून ते वाकण्याऐवजी तुटायला बघतं. काटा बसवायचा म्हणजे चिपटीचं सुटं टोक तिच्याच खाचेत परत निजवायचं. बाकीची अणी जागची हलता कामा नये.

काही जण शेगडीवर किंवा लायटरवर अणी तापवून मऊ करतात आणि मग दाबतात. हे कधीही करू नका. एवढी बारीक तार दोन-तीन सेकंदांत निळी पडते आणि निळी पडली की तिचं पाणी उतरलं म्हणून समजा. मग काटा लोण्यासारखा बसतो खरा, पण त्या गळाला मोठी चिलापी लागली तरी तो उघडतो. खडस (दख्खनचा महसीर) लागली तर विचारायलाच नको.

कुठला गळ कसा वागतो

गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे फ्लायवाल्यांना माहीत असतंच: १६, १४, १२, १० असे उतरत २ पर्यंत गळ मोठा होत जातो आणि त्यापुढं १/०, २/० असे आणखी मोठे.

पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायसाठीचे १२ ते १६ नंबरचे गळ बारीक तारेचे, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे असतात. त्यांचा काटा लहान असतो आणि थोड्या दाबानं बसतो, पण हात जरा तिरका झाला तर अणी लगेच वळते. बुडणाऱ्या निंफच्या (पाण्यातल्या अळीसारख्या फ्लायच्या) जाड तारेच्या गळांचा काटा जास्त जोर मागतो. मरळसाठीच्या पॉपरला (पाण्यावर तरंगत आवाज करणाऱ्या आमिषाला) किंवा खडसच्या मोठ्या फ्लायला लागणारे २ नंबर ते २/० चे गळ सगळ्यात अवघड. त्यांचा काटा उंच आणि खाच खोल असते. एका दमात दाबायला गेलात तर चिपटी तरी उडते, नाही तर अणी तरी.

खाऱ्या पाण्यासाठीचे स्टेनलेसचे गळ थोडे मऊ आणि चिवट असतात. ते क्वचितच तुटतात, पण वाकतात लवकर. काही पाकिटांवर बारीक काट्याचे गळ असं लिहिलेलं असतं. ते सगळ्यात सोपे. बिनकाट्याचे गळही मिळतात. परवडत असतील आणि हवा तो आकार मिळत असेल तर तेच घ्यावेत, त्यात कमीपणा काही नाही. त्यांना खाचच नसते, त्यामुळे त्यांची अणी दाबून बसवलेल्या गळापेक्षा केव्हाही पक्की.

जुन्या डब्यातले गंजलेले गळ मात्र दाबायला घेऊ नका. गंज खाचेत आधी धरतो, कारण ओल तिथंच साचते. वरून गळ चकचकीत दिसला तरी भिंगाखाली काट्याच्या मुळाशी तांबूस ठिपका दिसला तर तो टाकून द्यायचा.

पकड

निम्मं काम पकडीवर आहे. घरातली विजेच्या कामाची पकड चालणार नाही, कारण तिच्या जबड्यांना आतून दाते असतात. दात्यांच्या माथ्यावर जोर एकवटतो आणि दोन दात्यांच्या मधल्या खळग्यात तार लोंबकळते. म्हणजे नको तिथं नेमकी वाकते. शिवाय दाते लेप ओरबाडतात आणि पुढं तिथूनच गंज सुरू होतो.

हवी ती पकड अशी: जबडे आतून गुळगुळीत आणि सपाट, टोकाशी रुंदी दोन ते तीन मिलिमीटर, आणि जाडीला इतकी बारीक, की एक जबडा गळाच्या मोकळिकीत शिरेल. सोनारकामाची चपट्या तोंडाची पकड अगदी अशीच असते. सोनारकामाचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मागितली तर बिनदात्याची मिळते. विकत घेताना पकड मिटून उजेडासमोर धरा. जबड्यांच्या मधून उजेडाची रेघ दिसत असेल तर ती पुढच्या टोकाला बारीक होत जाते की मागं, ते बघा. पुढची टोकं आधी टेकत असतील आणि मागं किंचित फट राहत असेल तर चालेल. टोकंच उघडी राहत असतील तर ती पकड या कामाची नाही. सांध्यात खेळ असेल, म्हणजे जबडे आडवे सरकत असतील, तरीही नको.

दात्यांचीच पकड हाताशी असेल आणि ती फक्त याच कामाला ठेवायची असेल, तर तिचे दाते घासून टाकता येतात. आधी बारीक कानस, मग लाकडाच्या पट्टीवर गुंडाळलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर. दोन्ही जबडे सारखे घासले गेले पाहिजेत, म्हणून चार-पाच हात मारले की एकदा मिटून उजेडात बघत जायचं. सगळे दाते जायलाच हवेत असं नाही, पण पुढचा आठ-दहा मिलिमीटरचा भाग तरी साफ सपाट झाला पाहिजे.

मिरजेत सर्जिकलच्या दुकानांची वाण नाही. तिथं मिळणारी छोटी मॉस्किटो आर्टरी फोर्सेप पाण्यावर माशाच्या तोंडातून गळ काढायला उत्तम. पण काटा दाबायला ती घेताना जबडे बघून घ्या. नेहमीच्या फोर्सेपला आडव्या रेघा असतात आणि मागची कुलपाची खटकी एका झटक्यात पुढच्या दातावर बसते. आपल्याला तर झटका अजिबात नको आहे. १४-१६ नंबरच्या बारीक गळांना, खटकी न लावता, ती चालून जाते. त्यापेक्षा मोठ्या गळाला लावली तर गळाआधी फोर्सेपचेच जबडे वाकडे होतील.

फ्लाय बांधताना गळ धरायच्या व्हाइसच्या (छोट्या शिकंज्याच्या) जबड्यात काटा दाबायची पद्धतही बरीच रूढ आहे. लहान गळांना ती चालते, पण आमचा कल तिच्या विरुद्ध आहे. व्हाइसचे जबडे गळ धरण्यासाठी घडवलेले असतात. त्यांच्या टोकात उंच काटे चिरडत राहिलात तर कडेला बारीक टवके उडतात, आणि मग तोच व्हाइस प्रत्येक गळ निसटू देतो. तीनशे रुपयांच्या पकडीचं काम महागड्या व्हाइसकडून कशाला करून घ्यायचं?

काटा दाबणं

हे काम फ्लाय बांधण्याआधी करायचं, बांधून झाल्यावर नव्हे. आधी मोडला तर एक गळ गेला. नंतर मोडला तर गळ, पिसं, दोरा आणि अर्धा तास गेला. धातूचा मणी घालायचा असेल तर दुसरा फायदाही आहे: मणी अणीकडून ओवावा लागतो आणि उभा काटा त्याला अडवतो. काटा बसवला की तोच मणी सहज वाक ओलांडून दांडीवर जातो.

बैठक अशी मांडा. खिडकीजवळ किंवा टेबल-दिव्याखाली पांढरा कागद. त्यावर तयार गळांसाठी स्टीलची ताटली. टाकाऊ गळांसाठी औषधाची रिकामी बाटली. तुटलेली अणी कचऱ्यात नुसती टाकू नये, झाडणाऱ्याच्या बोटात जाते. डोळ्यांवर चष्मा हवाच. वाचायचा असला तरी चालेल, पण डोळे उघडे नकोत. उडालेली चिपटी कुठं जाते ते दिसत नाही.

आता गळ डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत, दांडीच्या मध्यावर धरा. अणी वरच्या अंगाला आणि उजवीकडं वळलेली, म्हणजे काटा स्पष्ट दिसेल. बोटांची पकड घट्ट नको. दाब आल्यावर गळाला स्वतःहून थोडं फिरून जबड्यांशी जुळून घेता आलं पाहिजे. म्हणूनच गळ व्हाइसमध्ये आवळून वरून पकड लावणं चुकीचं. गळ घट्ट बसलेला असतो, तुमचा हात एक-दोन अंश तिरका असतो आणि तो सगळा तिरकेपणा अणीला सोसावा लागतो.

पकड अणीच्या समोरून आणा, म्हणजे अणीचं टोक पकडीच्या सांध्याकडं बघत राहील आणि जबडे अणीच्या रेषेतच असतील. एक जबडा मोकळिकीत काट्याच्या पाठीवर, दुसरा अणीच्या बाहेरच्या पाठीवर. याचं कारण साधं आहे. पकडीचे जबडे सांध्याकडं अरुंद आणि टोकाकडं रुंद उघडतात. अणीही टोकाशी बारीक आणि काट्याच्या सुट्या टोकाशी जाड असते. दोन्ही उतार एकमेकांत बसतात आणि दाब मुळापासून सुट्या टोकापर्यंत सारखा पडतो.

आडवी पकड लावली, म्हणजे अणीवर काटकोनात, तर काय होतं? जबड्यांची उघडी पाचर गोल तारेला पुढं ढकलते. तार जबड्यात लोळते, काटा बाजूला कलंडतो आणि अणी पिळली जाते. पिळलेली अणी खाचेवरच तुटते. मोडलेल्या गळांची सगळ्यात मोठी रास याच चुकीमुळे होते.

१४-१६ नंबरच्या गळाच्या मोकळिकीत समोरून जबडा शिरतच नसेल तर नाइलाजानं बाजूनं यावं लागतं. तेव्हा तार जबड्यांच्या अगदी टोकाशी न धरता दोन मिलिमीटर आत घ्या आणि जबड्याच्या रुंदीत पूर्ण काटा, त्याच्या पुढचा थोडा आणि मागचा थोडा भाग येतो आहे ना ते बघा. जबड्याची कड काट्याच्या मुळावर येता कामा नये. ती कड तिथं छिन्नीचं काम करते.

मागच्या बाजूलाही एक मर्यादा आहे. वाक जिथं सुरू होतो तिथवर जबडा गेला तर तो काट्याऐवजी वाक सरळ करायला लागतो. जबडा काट्याच्या सुट्या टोकापासून जेमतेम एक मिलिमीटर मागं, एवढंच.

जबडे टेकवा आणि थांबा. अजून दाबायचं नाही, फक्त गळ जबड्यांशी जुळू द्या. मग अगदी हळू, लिंबाच्या फोडीतला रस थेंब थेंब काढावा तसा जोर वाढवत न्या. थोड्याच वेळात बोटांना काहीतरी मऊ झाल्यासारखं कळतं. कधी ‘कच’ असा बारीक आवाजही येतो. तिथंच थांबा, पकड पूर्ण उघडा आणि गळ बाहेर काढून भिंगाखाली बघा. काटा साधारण निम्मा खाली आलेला दिसेल. आता दुसऱ्यांदा, तसाच समोरून, तसाच हळू. यावेळी काटा खाचेत निजतो. मोठ्या गळांना, विशेषतः १/० च्या पुढं, तिसरा दाब लागतो, तोही याच शिस्तीत.

पकड मिटलेली असताना गळ ओढायचा नाही, हलवायचा नाही, ‘अजून जरा’ म्हणून मनगट फिरवायचं नाही. अणी वाकते ती याच ‘अजून जरा’नं.

काटा पूर्ण सपाट, हाताला लागणारच नाही इतका झाला पाहिजे का? नाही. जागेवर बारीक उंचवटा राहू द्या. तो राहिल्यानं मासा निसटत नाही आणि काढताना इजाही होत नाही. तो शेवटचा उंचवटा घालवायला चौथा, पाचवा दाब दिला तर खाचेला नुसता त्रास होतो, हाती काही लागत नाही.

नव्या पाकिटातले आधी चार-पाच गळ दाबून बघा आणि मगच बाकीचे घ्या. कंपनी तीच असली तरी वेगवेगळ्या खेपेत कडकपणा वेगळा असू शकतो. पंचवीसात एखादा मोडला तर सोडून द्या. तीनहून जास्त मोडायला लागले तर थांबा. पकड उजेडात धरून तपासा, हाताचा कोन तपासा, आणि दोन्ही ठीक असतील तर ते पाकीट बाजूला ठेवा.

तपासणी

तीन गोष्टी बघायच्या: काटा खरंच बसला का, अणी अजून तीक्ष्ण आहे का, आणि आत कुठं तडा गेला आहे का.

काट्यासाठी जुन्या सुती बनियनचा तुकडा घ्या. गळ वाक निम्मा आत जाईपर्यंत कापडात घाला आणि आल्या वाटेनं सावकाश बाहेर ओढा. धागा न उचलता सुटला तर काटा बसला. धाग्याचा फासा वर आला तर अजून एक हलका दाब. आंतरराष्ट्रीय फ्लाय स्पर्धांत बिनकाट्याचे किंवा काटा पूर्ण दाबलेलेच गळ चालतात, त्यामुळे स्पर्धेच्या नादाला लागलेल्यानं ही चाचणी आणखी काटेकोर करावी: बनियनऐवजी ताणलेला नायलॉनचा पायमोजा.

तीक्ष्णपणासाठी अंगठ्याच्या नखावर अणी अलगद टेकवून ओढा. नखात रुतून थांबली तर ठीक. घसरली तर टोक चेपलं आहे. बारीक हिऱ्याच्या कानशीनं एकाच दिशेनं तीन-चार हलके हात मारले की पुरे. जास्त घासलात तर अणी आखूड होते आणि खाच टोकाच्या आणखी जवळ येते.

तड्याची चाचणी बहुतेक जण करत नाहीत आणि मग मासा लागल्यावर रडतात. बाटलीच्या बुचाचा किंवा मऊ लाकडाचा तुकडा घ्या, अणी त्यात काट्यापर्यंत रुतवा आणि दांडी धरून चांगला, पण झटका न देता ताण द्या. गळ किंचित स्प्रिंगसारखा उघडून परत जागेवर आला पाहिजे. आत केसाएवढा तडा असेल तर अणी इथंच सुटेल. टेबलावर सुटली तर गळाचं नुकसान. डोहात सुटली तर मासा अणी तोंडात घेऊन जातो, आणि हे काम करण्यामागचा हेतूच हरतो.

मोडलेला गळ काय सांगतो

मोडलेले तुकडे बाटलीत टाकण्याआधी एकदा भिंगाखाली बघत जा. चूक त्यांच्यातच लिहिलेली असते.

अणी काट्याच्या मुळाशी स्वच्छ तुटली आणि तुटलेला भाग राखाडी, दाणेदार दिसला, तर गळ कडक होता आणि जोर झटक्यानं आला. तुटीवर अर्ध्या भागात गडद डाग असेल तर तिथं गंज किंवा तडा आधीपासून होता, तुमचा दोष नाही. अणी तुटली नाही पण एका बाजूला कलली, तर पकड आडवी होती. ती सरळ करायचा मोह टाळा. एकदा वाकलेली अणी उलट वाकवली की दुसऱ्या वाकवण्यात नाही तर पहिल्या माशावर ती तुटतेच. अणी दांडीपासून लांब गेली, म्हणजे मोकळीक रुंदावली, तर जबडा वाकावर गेला होता.

चिपटी तेवढी उडाली आणि अणी शाबूत राहिली तर तो गळ वाया गेला असं नाही. पण उघडी खाच राहते. तिच्या कडा कानशीनं हलक्या मोडून घ्या आणि बुचाची चाचणी दोनदा करा. लहान चिलापीसाठी असा गळ चालेल, मोठ्या माशासाठी ठेवू नका.

बांधून झालेल्या फ्लाय, आणि स्पिनर-चमचे

बाजारातून बांधलेल्या फ्लाय घेतल्या तर काटा उभाच असतो. अशा वेळी शीतपेयाची नळी दोन इंच कापून नेढ्याकडून फ्लायवर सरकवा, म्हणजे पिसं मागं निजतात आणि अणी मोकळी होते. पकड समोरून. फ्लाय दाट असेल आणि नीट दिसत नसेल तर जबरदस्ती करू नका.

चमचे आणि स्पिनर या धातूच्या चकचकीत आमिषांच्या तीन तोंडांच्या गळाला प्रत्येक अणी वेगळी घ्यावी लागते, आणि बाकीच्या दोन अण्या बोटात घुसायला टपलेल्या असतात. त्यांच्यावर सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे चढवा. खरं तर तीन तोंडांचा गळ काढून त्याच कड्यात एकच मोठा बिनकाट्याचा गळ लावला तर मासाही सुटतो लवकर आणि पाणवनस्पतीत अडकणंही कमी होतं.

काटा बसवल्यावर पाण्यावर काय बदलतं

बिनकाट्याचा गळ रुततो सोपा, कारण काट्याची जाडी त्याला भेदावी लागत नाही. पण दोर सैल सोडला की तो मागं सरकतो. म्हणून मासा लागल्यापासून हातात येईपर्यंत काठी वाकलेली आणि दोर ताठ असायला हवा, एवढीच सवय लावून घ्यायची. मरळ पाण्याबाहेर उसळून डोकं झाडते तेव्हा काठी खाली झुकवून दोर ताठ ठेवा, वर उचलून नव्हे. १९५२ मध्ये भारतात आणलेली चिलापी आज आपल्या तळ्याधरणांत मुबलक आहे आणि तिचं तोंड लहान पण घट्ट असतं. ती बिनकाट्याच्या १२ नंबरच्या निंफवर शिकायला सगळ्यात चांगली. खडस ही दख्खनच्या नद्यांची मूळ मासळी. १८३९ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्सनं तिचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. तिचे ओठ जाड आणि धाव जोरकस. तिच्यासाठी जाड तारेचाच गळ दाबा, बारीक तारेचा नको. तिला सोडून द्यायचंच आहे असं धरून चाला. हात ओले करा, मासा शक्यतो पाण्यातच ठेवा, फोर्सेपनं गळाचा वाक धरून आल्या दिशेनं मागं ओढा. काटा नीट बसला असेल तर दोन सेकंदांचं काम आहे.

कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावून गळ टाकणाऱ्यांची तक्रार असते की बिनकाट्यावर आमिष घसरतं. त्यावर सोपा उपाय आहे: सायकलच्या ट्यूबचा तीन मिलिमीटरचा गोल तुकडा अणीवरून आमिषानंतर ओवायचा. तो आमिष जागेवर धरतो.

आपल्या बोटातच गळ घुसला तरी हाच दाबलेला काटा वाचवतो. गळ ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं मागं घ्या, साबण-पाण्यानं धुवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं नसेल तर त्याच दिवशी घ्या. डोळ्यापाशी किंवा पापणीत गळ गेला असेल तर हात लावू नका. दोर कापा आणि थेट दवाखान्यात जा.

गळ कुठं टाकायचा हेही आधी विचारून घ्या. धरणांच्या जलाशयातली मासेमारी ठेक्यानं, बहुतेक करून मच्छीमार सहकारी संस्थांकडं असते, त्यांची परवानगी लागते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गळ टाकू नका. आणि कृष्णाकाठच्या तीर्थक्षेत्रांच्या घाटांवर लोक माशांना लाह्या, चुरमुरे घालतात. तिथं काटा दाबलेला असो की उभा, गळ पिशवीतून काढूच नये.

परत आल्यावर वापरलेल्या फ्लाय डब्यात तशाच बंद करू नका. दाबलेल्या काट्यापाशी लेपाला भेगा पडलेल्या असतात, गंज तिथून सुरू होतो. रात्रभर कागदावर उघड्या वाळवा. महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की डब्यात सिलिका जेलची पुडी, नाही तर निदान खडूचा तुकडा, ठेवायलाच हवा. न बांधलेले दाबलेले गळ महिनाभरापेक्षा जास्त ठेवायचे असतील तर फक्त अणीला शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात द्या, आणि बांधायला घेताना दांडी कोरड्या फडक्यानं पुसा, नाही तर दोरा तेलावरून घसरत राहतो.